पहिल्या हाकेला ओ देण्याआधी

कोकणात जुनी माणसे मुलांना एक गोष्ट बजावून सांगत. रात्री बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्याच हाकेला ओ देऊ नये. पुन्हा हाक येते का ते पाहावे, आवाज ओळखावा, मगच कडी काढावी. भुताखेतांच्या कथा बाजूला ठेवल्या तरी त्यातली सावधगिरी उरतेच. हाक आली म्हणजे मारणारा कोणी असेलच असे नाही.

आपल्या आजूबाजूच्या असंख्य छोट्या संगणकांनाही आज हीच सावधगिरी पाळावी लागते. वॉशिंग मशीन, विजेचा डिजिटल मीटर, इन्व्हर्टर, मालवणच्या ट्रॉलरवरचा जीपीएस, पाण्याखालचा मासळीचा थवा दाखवणारा फिशफाइंडर, रुग्णाच्या छातीत बसवलेला पेसमेकर, या प्रत्येकात एक लहानसा प्रोसेसर बसलेला असतो. तो आपले ठरलेले काम करत असतो. मध्येच बटण दाबले गेले, सेन्सरला काही जाणवले किंवा घड्याळाचा ठोका पडला, की त्याला विजेचा एक इशारा मिळतो. हातातले काम जिथे आहे तिथे ठेव आणि आधी इकडे बघ, असा त्या इशाऱ्याचा अर्थ. त्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. प्रोसेसर काम थांबवतो, हाक कोणाची ते पाहतो, तिची व्यवस्था लावतो आणि पुन्हा पहिल्या कामाकडे वळतो.

कधी कधी मात्र इशारा येतो आणि पाहावे तर हाक मारणारा कोणीच नसतो. ही खोटी हाक म्हणजे ‘स्प्युरियस इंटरप्ट’. तिला कसे तोंड द्यायचे हा यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांचा रोजचा प्रश्न आहे. अवेळी येणाऱ्या हाकेचा धोका ज्यांना अगदी सुरुवातीलाच कळला आणि ज्यांनी त्या भीतीतून एक शास्त्र उभे केले, ते डच संगणकशास्त्रज्ञ म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा.

प्रोग्रामर नावाचा पेशा नसताना

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते आणि माध्यमिक शाळेत शिकवत. आई गणितात शिकलेली. चार भावंडांमध्ये एड्सगर तिसरे. शाळेत असताना त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांमध्ये देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. पण गणित आणि विज्ञानात इतके चांगले गुण मिळाले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्यांना विज्ञानाकडे वळवले. लायडन विद्यापीठात त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

१९५१ मध्ये ते इंग्लंडमधील केंब्रिजला तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी गेले. तिथे मॉरिस विल्क्स यांनी बांधलेल्या ‘एडसॅक’ या संगणकावर प्रोग्राम लिहायला शिकवत. त्या तीन आठवड्यांनी त्यांची वाट बदलली. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात आद्रियान व्हान वाइनगार्डेन यांनी त्यांना प्रोग्रामर म्हणून कामावर घेतले. या कामाला काही शास्त्रीय प्रतिष्ठा आहे का, की आपण भौतिकशास्त्रातच राहावे, या विचाराने ते काही वर्षे बेचैन होते. व्हान वाइनगार्डेन यांनी त्यांना समजावले, की संगणक आता जाणार नाहीत, आणि प्रोग्रामिंगला प्रतिष्ठित शास्त्र बनवण्याचे काम कोणीतरी करायचेच आहे, तर ते तुम्ही का करू नये?

१९५७ मध्ये त्यांचे मारिया डेबेट्स यांच्याशी लग्न झाले. त्याही गणित केंद्रातच काम करत. लग्नाच्या नोंदणीत व्यवसायाच्या रकान्यात डायक्स्ट्रा यांनी प्रोग्रामर असे लिहिले. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते मान्य केले नाही, कारण असा कोणता पेशा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. शेवटी तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

त्याआधी, १९५६ मध्ये, ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून त्यांनी सुमारे वीस मिनिटांत, कागद-पेन न घेता, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत मनातल्या मनात मांडली होती. केंद्राच्या ‘आर्मॅक’ या नव्या संगणकाचे काम लोकांना दाखवायला त्यांनी नेदरलँड्समधली ६४ शहरे घेऊन तीच रीत वापरली. आज मोबाइलवरचा नकाशा मालवणहून आंबोलीचा रस्ता काढतो, तेव्हा त्याच्या मुळाशी याच रीतीची कल्पना असते. जगभर त्यांचे नाव याच रीतीमुळे प्रसिद्ध आहे. पण त्यांची झोप उडवली ती दुसऱ्याच एका प्रश्नाने.

झोप उडवणारी हाक

त्या काळचे संगणक एका वेळी एकच काम करत. टाइपरायटरवर एक अक्षर उमटवायचे असेल तर प्रोसेसर ते अक्षर उमटेपर्यंत थांबून राही. टाइपरायटर यांत्रिक, म्हणून मंद. प्रोसेसर इलेक्ट्रॉनिक, म्हणून वेगवान. गॅसवर दूध ठेवून ते उतू जाईपर्यंत टक लावून उभे राहावे आणि तोवर घरातले दुसरे काहीच करू नये, तसा हा प्रकार होता.

१९५७ च्या सुमारास गणित केंद्रातले ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे दोन अभियंते ‘एक्स-१’ नावाचा नवा, ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक आखत होते. तो इलेक्ट्रोलॉजिका या कंपनीमार्फत बाजारात येणार होता. त्यांनी ठरवले, की प्रोसेसरने थांबून राहायचे नाही. त्याने आपले गणित करत राहावे आणि टाइपरायटरचे काम झाले की टाइपरायटरनेच त्याला हाक मारावी. हाच इंटरप्ट. त्या हाकेची व्यवस्था लावणारा प्रोग्राम लिहिण्याचे काम डायक्स्ट्रा यांच्याकडे येणार होते.

ते घाबरले, आणि त्याला तसेच कारण होते. तोपर्यंत प्रोग्राम चुकला की तो पुन्हा चालवायचा, तीच चूक पुन्हा दिसायची आणि ती शोधता यायची. आता हाक कोणत्या क्षणी येईल हे कोणालाच सांगता येणार नव्हते. ती दोन आकड्यांची बेरीज अर्ध्यावर असताना येऊ शकत होती, किंवा उत्तर लिहून ठेवण्याच्या नेमक्या आधी. एखाद्या विशिष्ट क्षणी आलेल्या हाकेनेच बिघाड होत असेल, तर तो क्षण पुन्हा कधी येणार? चूक घडेल, नुकसान होईल, आणि शोधायला गेले की ती गायब झालेली असेल.

डायक्स्ट्रा यांनी काही काळ ही कल्पना अडवून धरली. शेवटी दोघा अभियंत्यांनी त्यांची स्तुती करून, हे काम तुम्हीच करू शकता असे म्हणत त्यांना राजी केले. मग त्यांनी तपासायला घेतलेली पहिली गोष्ट अशी: हाक कुठल्याही क्षणी आली, तरी चालू कामाची सगळी अवस्था जपून ठेवता येते का, आणि परत आल्यावर जणू काही झालेच नाही अशा रीतीने ते काम पुढे नेता येते का? उत्तर नाही असे निघाले. त्यांनी दाखवून दिले, की मूळ आराखड्यात असे क्षण आहेत ज्या वेळी हाक आली तर चालू काम नीट परत मिळणारच नाही. अभियंत्यांना आराखडा बदलावा लागला.

हाक घेणारा हा प्रोग्राम संगणकाच्या कायमच्या, न पुसता येणाऱ्या स्मृतीत बसवला जाणार होता. एकदा बसवला की दुरुस्तीला वाव नव्हता. म्हणून तो चालवून पाहण्याआधीच बरोबर आहे याची खात्री विचाराने करणे भाग होते. याच कामावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९५९ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रोग्राम बरोबर आहे हे नुसते वाटून उपयोग नाही, ते सिद्ध करता आले पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह इथे रुजला.

एकेरी मार्गावरचा सिग्नल

यानंतर डायक्स्ट्रा आणि त्यांचे सहकारी याप झोनेवेल्ड यांनी एक्स-१ साठी ‘अल्गॉल ६०’ या भाषेचा कंपायलर लिहायला घेतला. काम पुरे होईपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांचा पण होता. ऑगस्ट १९६० मध्ये काम पुरे झाले. झोनेवेल्ड यांनी दाढी काढली, डायक्स्ट्रा यांनी ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे एक्स-१ चा मोठा भाऊ असलेला ‘एक्स-८’ यायचा होता. त्याच्यावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालावेत अशी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना बांधायची होती. आता हाका वाढणार होत्या. छपाईयंत्राची हाक, कागदी फीत वाचणाऱ्या यंत्राची, घड्याळाची, चुंबकीय ड्रमची. शिवाय दोन प्रोग्राम एकाच वेळी एकच यंत्र मागणार होते.

यावर त्यांनी काढलेल्या उपायाचे नाव रेल्वेतून आले, ‘सेमाफोर’. जुन्या रेल्वेत खांबावर आडवा हात असलेला जो सिग्नल असे, तो सेमाफोर. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्याला हा मुद्दा चटकन कळेल. आपल्या भागात मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी कुडाळला किंवा कणकवलीला थांबते. समोरची गाडी स्टेशनात शिरली, पुढचा मार्ग मोकळा झाला, सिग्नल मिळाला, की मगच ती निघते. एका तुकड्यावर एका वेळी एकच गाडी. डायक्स्ट्रा यांनी संगणकात हेच केले. सेमाफोर म्हणजे स्मृतीतला एक आकडा. कामाला जागा हवी असेल तर आकडा एकने कमी करायचा, आणि तो शून्य असेल तर थांबायचे. काम झाले की आकडा एकने वाढवायचा, म्हणजे थांबलेल्यांपैकी एकाला वाट मिळते. या दोन क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून ‘पी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे दिली. जगभरची पाठ्यपुस्तके आजही तीच वापरतात.

यातली खुबी अशी, की बाहेरून आलेली हाकही त्यांनी याच चौकटीत बसवली. छपाईयंत्राने हाक मारली की त्याच्या सेमाफोरचा आकडा एकने वाढतो, इतकेच. वरच्या प्रोग्रामला हाक नेमकी कोणत्या क्षणी आली याच्याशी देणेघेणे उरत नाही. ज्या अवेळीपणाची त्यांना १९५७ मध्ये धास्ती वाटली होती, तो सगळा सर्वांत खालच्या एका पातळ थरात बंद झाला. त्या थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी थरांची रचना त्यांनी केली. प्रत्येक थर तपासून पक्का झाला की मगच वरचा थर चढवायचा, चिरेबंदी भिंतीत चिऱ्यावर चिरा बसवावा तसे.

सहा जणांच्या गटाने, तेही अर्धा वेळ देऊन, ही सिस्टीम बांधली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘टीएचई’ म्हणतात. १९६८ मध्ये त्यांनी तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. तपासणीत ज्या चुका निघाल्या त्या किरकोळ लेखनचुका होत्या, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांत सापडली, असे त्यात नोंदवलेले आहे.

निर्दोष यंत्राचा भ्रम

त्याच लेखात डायक्स्ट्रा यांनी आपल्या दोन मोठ्या चुका उघडपणे मांडल्या. दुसरी चूक अशी, की सिस्टीममधले दोष शोधायचे कसे याचा विचार आधीपासून पुरेसा केला नव्हता. पहिली चूक आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्यांच्या गटाने फार काळ असे धरून चालले होते, की सगळी यंत्रे निर्दोष आहेत. जोडलेले एखादे यंत्र बिघडले तर काय करायचे हा विचार उशिरा सुरू झाला, आणि तेव्हा भलतेच अवघड प्रश्न उभे राहिले. बिघाडांना सांभाळून घेण्यात अंदाजापेक्षा कितीतरी जास्त श्रम गेले.

सेमाफोरच्या आकड्यावरून हे नीट समजते. छपाईयंत्राने खरोखर हाक मारली की आकडा वाढतो आणि थांबलेला प्रोग्राम पुढे सरकतो. पण तारेत नुसती विजेची खरखर झाली आणि ती हाक समजली गेली, तर? आकडा उगाच वाढतो. प्रोग्राम यंत्र मोकळे आहे असे समजून पुढे जातो, यंत्र मात्र अजून जुन्याच कामात असते. तर्क शंभर टक्के बरोबर असला तरी निकाल चुकतो, कारण तर्काला दिलेली बातमीच खोटी होती.

खोट्या हाका येतात कुठून? सर्वांत साधे कारण म्हणजे विजेचा गोंगाट. जवळ मोटार सुरू झाली, वळवाच्या पावसात वीज चमकली, पुरवठ्याचा दाब एकदम वरखाली झाला, की तारेत क्षणभर खोटा इशारा उमटतो. प्रोसेसरची एखादी पिन कुठेच न जोडता मोकळी सोडली असेल तर ती अँटेनासारखी असे इशारे पकडते. दुसरे कारण म्हणजे बटणाची थरथर. बटण एकदा दाबले तरी आतले धातूचे टोक काही मिलिसेकंद आदळत आणि उडत राहते, आणि वेगवान प्रोसेसरला एकाच्या जागी दहा-वीस हाका ऐकू येतात. किनाऱ्यावरच्या खारट, दमट हवेत तांब्याचे संपर्क हिरवे पडतात, सांधे सैल होतात आणि हा त्रास वाढतो.

तिसरे कारण वेळेच्या चुकामुकीचे आहे. यंत्राने हाक मारली आणि प्रोसेसरने कोण ते विचारेपर्यंत मागे घेतली. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये हाकांची वर्गवारी करणारी जी चिप होती, ती अशा वेळी सरळ सातव्या क्रमांकाचे नाव सांगे. सातवा क्रमांक सहसा प्रिंटरचा असे. म्हणजे प्रिंटर गप्प, आणि प्रिंटरचा प्रोग्राम जागा! चौथे कारण उलट बाजूचे आहे. प्रोसेसर यंत्राला सांगतो, की काम झाले, आता हाक बंद कर. पण तो निरोप पोचायला उशीर होतो आणि तोवर प्रोसेसर परत फिरलेला असतो. हाक अजून चालू दिसल्याने तो पुन्हा धावतो, आणि आता तिथे काहीच नसते.

शहाणा हँडलर काय करतो

खाडीत गरी टाकून बसणाऱ्याला हा प्रश्न जुना आहे. दोरीला हिसका बसतो. मासा असेल किंवा प्रवाहात आलेले शेवाळही असेल. प्रत्येक हिसक्याला दोरी ओढणारा दिवसभर रिकामी गरी ओढत बसतो, आणि एकाही हिसक्याकडे न पाहणारा मासा घालवतो. जाणकार माणूस बोटाने दोरीचा ताण पाहतो आणि मग ठरवतो.

चांगली ऑपरेटिंग सिस्टीमही तेच करते. हाक आली की तिचा हँडलर, म्हणजे हाक घेणारा प्रोग्राम, आधी यंत्राची नोंद पाहतो: तू हाक मारलीस का? नोंद रिकामी असेल तर कशालाही हात न लावता तो परत फिरतो. सेमाफोरने जाग आलेला प्रोग्रामही पुढे जाण्याआधी, ज्यासाठी आपण थांबलो होतो ते खरेच घडले आहे का, हे पुन्हा तपासतो. घडले नसेल तर पुन्हा थांबतो. ज्या क्रमांकांवर कोणतेच यंत्र जोडलेले नाही, त्या क्रमांकांनाही एक साधा हँडलर दिलेला असतो, नाहीतर तिथून चुकून हाक आली तर प्रोसेसर भरकटतो. बटणाच्या हाकेनंतर काही मिलिसेकंद थांबून ते अजून दाबलेलेच आहे का हे पाहिले जाते. निरोप उशिरा पोचण्याचा धोका असेल तर हाक बंद झाल्याची खात्री करूनच हँडलर परततो.

शिवाय प्रत्येक खोटी हाक मोजली जाते. कधीतरी एखादी आली तर बिघडत नाही. संख्या वाढू लागली तर कुठेतरी तार सैल झाली आहे किंवा यंत्र बिघडत चालले आहे. आणि हाकांचा महापूरच आला तर तो मार्ग बंद करावा लागतो, कारण दाराशी ये-जा करण्यातच प्रोसेसरचा सगळा वेळ जाईल आणि घरातले काम पडून राहील. लिनक्स या प्रसिद्ध सिस्टीममध्ये नियमच आहे: एका मार्गावरच्या एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त हाकांना कोणीच वाली निघाला नाही, तर तो मार्ग बंद केला जातो आणि तशी नोंद होते.

अशा पुराचे गाजलेले उदाहरण जुलै १९६९ मधले आहे. ‘अपोलो ११’ चे यान चंद्रावर उतरत असताना त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारच्या जोडणीतून, विजेच्या दोन पुरवठ्यांची लय न जुळल्याने, संगणकाकडे सेकंदाला हजारो निरर्थक इशारे येऊ लागले. ते काटेकोर अर्थाने इंटरप्ट नव्हते, मोजणीचे इशारे होते. पण परिणाम तोच झाला. संगणकाचा बराच वेळ ते मोजण्यात जाऊ लागला आणि धोक्याचे इशारे झळकले. त्या संगणकाची सिस्टीम अशी बांधलेली होती, की ताण वाढला की कमी महत्त्वाची कामे टाकून द्यायची आणि महत्त्वाची तेवढी पुन्हा सुरू करायची. म्हणून यान सुखरूप उतरले.

पेसमेकरमध्ये हा प्रश्न थेट माणसाच्या जिवाशी येतो. हृदयाचा स्वतःचा ठोका जाणवला तर पेसमेकर गप्प राहतो, जाणवला नाही तर विजेचा हलका धक्का देऊन ठोका पाडतो. हृदयापर्यंत गेलेल्या तारेला तडा गेला किंवा बाहेरच्या यंत्राचा जोरदार विद्युत गोंगाट झाला, तर तो गोंगाटालाच ठोका समजू शकतो. हृदय चालू आहे असे मानून तो गप्प बसतो आणि रुग्णाला चक्कर येते. म्हणून पेसमेकरमध्ये असा बंदोबस्त असतो, की मानवी हृदयाला अशक्य अशा वेगाने इशारे सतत येत राहिले तर त्यांना गोंगाट मानायचे आणि इशाऱ्यांकडे न पाहता ठरावीक गतीने ठोके देत राहायचे. पेसमेकर असलेल्यांना वेल्डिंगसारख्या कामांपासून लांब राहायला आणि ठरलेल्या वेळी तपासणीला यायला डॉक्टर सांगतात, त्याचे हे एक कारण आहे.

कुठूनही मार्गावर येणारी व्यवस्था

टीएचई सिस्टीम पुरी झाल्यावर गट पांगला आणि डायक्स्ट्रा काही काळ खोल नैराश्यात गेले. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी प्रोग्राम सुबक, तपासता येईल असा कसा लिहावा यावर टिपणे लिहायला घेतली. त्या टिपणांनी पुढे जगभरची प्रोग्राम लिहिण्याची पद्धत बदलली. चाचणी घेतल्याने चूक आहे हे कळते, चूक नाही हे कधीच कळत नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. अवेळी हाकांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. हजार चाचण्यांत तो घातक क्षण आलाच नाही, म्हणून तो कधीच येणार नाही असे नव्हे. १९७२ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणातही त्यांचा भर मानवी बुद्धीच्या मर्यादा ओळखून नम्रपणे काम करण्यावर होता.

१९७४ मध्ये त्यांनी जेमतेम दोन पानांचा एक लेख लिहिला. प्रश्न असा होता: अनेक घटकांची एखादी व्यवस्था कोणत्याही कारणाने कितीही चुकीच्या अवस्थेत गेली, तरी बाहेरून कोणी हात न लावता ती आपोआप ठरावीक पावलांत योग्य अवस्थेत परत येईल का? त्यांनी अशा व्यवस्था बांधून दाखवल्या. निर्दोष यंत्र धरून चालण्याच्या त्यांच्या जुन्या चुकीला यापेक्षा पूर्ण उत्तर नव्हते. आता बिघाड कोणता, खोटी बातमी कुठून आली, हे आधी माहीत असण्याची गरजच उरली नव्हती. त्या वेळी या लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जवळजवळ दहा वर्षांनी लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञांनी त्याचे महत्त्व जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यातून संशोधनाची एक शाखाच सुरू झाली.

१९७३ पासून डायक्स्ट्रा बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन गावातल्या आपल्या घरूनच काम करत. १९८४ मध्ये ते अमेरिकेतील ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९९९ पर्यंत तिथे शिकवले. ज्यांनी संगणकाला शिस्त लावली, त्यांनी स्वतः मात्र आयुष्याचा बहुतेक काळ संगणक वापरलाच नाही. फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात टिपणे लिहायची, त्यांना क्रमांक द्यायचे आणि प्रती काढून ओळखीच्यांना टपालाने पाठवायच्या, अशी त्यांची रीत होती. अशी तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी लिहिली.

आजार बळावल्यावर ते न्यूनेनला परतले. कर्करोगाने ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. त्याच वर्षी १९७४ च्या त्या दोन पानी लेखाला, एकमेकांशी जोडलेल्या संगणकांवरच्या संशोधनासाठी दिला जाणारा प्रतिष्ठेचा पुरस्कार जाहीर झाला होता. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच डायक्स्ट्रा यांचे नाव देण्यात आले.

आज एखादा तरुण अभियंता बोटीवरच्या यंत्रासाठी किंवा रुग्णालयातल्या उपकरणासाठी प्रोग्राम लिहायला बसतो, तेव्हा हाक खरी आहे का हे विचारणाऱ्या दोन ओळी आधी लिहितो. सगळे सुरळीत असताना त्या दोन ओळींचा काहीच उपयोग दिसत नाही. तार सैल होते, आभाळात वीज कडाडते, छातीतल्या तारेला तडा जातो, तेव्हा त्यांच्यावरच सारे अवलंबून असते.